पाठीवरच्या पिंपल्ससाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड वॉश: पाच महिने वापरला, मग लिहायला बसलोय

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि बाबा गेल्यापासून पूजेला मी बसतो. सोवळं नेसायचं, वर उघडं, खांद्यावर फक्त उपरणं, आणि मागे सगळं घर बसलेलं, काका, मावशी, आत्याची मुलं. गेली चार वर्षं मी ती पूजा उपरणं दोन्ही हातांनी आवळून केलीय, गुरुजी सांगतायत फूल वाहा आणि माझं लक्ष उपरणं पाठीवरून घसरतंय का इकडे. पाठ, खांदे, थोडी छाती, सगळीकडे पुळ्या, काही लाल, काही पू भरलेल्या, आणि जुन्यांचे काळे डाग. चेहरा अगदी स्वच्छ, त्यामुळे बाहेर कोणाला पत्ताच नाही. पण पांढऱ्या बनियनवर पाठीला रक्ताचे ठिपके पडायचे आणि ते आई धुवायची, ते मला जास्त लागायचं.

हा रिव्ह्यू त्या सगळ्यांसाठी आहे जे पोहायला जाणं सोडून बसलेत किंवा ब्लाउजचा गळा मागून बंदच शिवून घेतात. कुठल्या कंपनीचा वॉश ते लिहित नाही कारण कंपनीला महत्त्व नाहीये, ट्यूबच्या मागे बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे पुळ्यांचे जंतू मारणारं औषध, किती टक्के लिहिलंय त्याला महत्त्व आहे. माझा ४ टक्क्यांचा आहे, क्रीमसारखा पांढरा, मेडिकलमध्ये मिळतो, चेहरा धुवायचा म्हणूनच विकतात पण डॉक्टरांनी मला पाठीसाठी दिला.

आधी काय काय करून झालं ते सांगतो, कारण माझी खात्री आहे की तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं हेच चालू असेल.

पहिलं म्हणजे घासणं. मला वर्षानुवर्षं वाटत होतं की पाठ नीट स्वच्छ होत नाही, हात पोहोचत नाही म्हणून मळ साचतो आणि म्हणून पुळ्या येतात. म्हणून लांब दांड्याचा ब्रश आणला, ती प्लास्टिकच्या जाळीची घासणी आणली, दिवाळीत उटणं खसाखसा चोळलं. दरवेळी दोन दिवस पाठ गुळगुळीत वाटायची आणि तिसऱ्या दिवशी जास्त लाल. पुळी मळामुळे येतच नाही हो. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, त्या छिद्राचं तोंड मेलेल्या कातडीने बुजतं, आत तेल साठतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात आणि मग सूज येते. हे सगळं कातडीच्या आत चाललेलं असतं, वरून घासून आतलं काही निघत नाही, उलट सुजलेलं छिद्र फुटतं आणि डाग पडतो. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर तो डाग महिनोन्महिने जात नाही.

दुसरं, उष्णता. आईचं म्हणणं अंगात उष्णता आहे, म्हणून सब्जा, गुलकंद, रात्री धण्याचं पाणी. आईने ते सगळं जीव लावून केलं आणि उन्हाळ्यात सब्जा प्यायला मला आवडतोही, पण पाठीवर फरक पडला नाही. बहुतेक तेव्हा घामोळं आणि पुळ्या यांच्यात आमचा दोघांचा गोंधळ होत होता. घामोळं बारीक, टोचणारं, घाम थांबला की चारपाच दिवसांत उतरतं. पुळी आठवडा आठवडा राहते, दाबली तर दुखते.

तिसरी गोष्ट सांगताना अजूनही राग येतो. एका मेडिकलवाल्याने पाठ न बघता एक क्रीम हातात दिलं, म्हणाला सगळ्याला चालतं. लावल्यावर चार दिवसांत लाली गेली, मी खूश, मग तीन आठवडे लावत राहिलो आणि मग खांद्यांवर एकसारख्या बारीक लाल पुळ्यांची चादर पसरली, आधीपेक्षा कितीतरी जास्त. नंतर डॉक्टरांनी ट्यूब बघितली तर त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध असं तिन्ही एकत्र होतं. स्टिरॉइड सूज दाबतं म्हणून सुरुवातीला बरं वाटतं, आणि स्वतःच पुळ्या आणतं. अशी स्टिरॉइडची क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम सरकारने २०१८ मध्ये केलाय, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. प्लीज, मेडिकलमधून 'काहीतरी द्या' म्हणून क्रीम घेऊ नका. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर पुळ्यांना लावायचं नाही.

मग मार्चमध्ये ताईने जबरदस्तीने स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी पहिले शर्ट काढायला लावला, मग पाच मिनिटं फक्त प्रश्न. खाज येते का? सॅक वापरतोस का, कुठे घेतोस? डोक्याला तेल किती वेळा? जिम? पावडरचं प्रोटीन? स्टिरॉइड कधी लावलंय किंवा घेतलंय का? मला वाटलं होतं अँटिबायोटिक गोळ्या देतील. त्या म्हणाल्या, आधी वॉश नीट वापर, मग बघू.

आता वॉशबद्दल.

बेन्झॉइल पेरॉक्साइड छिद्रात जाऊन ऑक्सिजन सोडतं आणि हे ॲक्नेचे जंतू ऑक्सिजनमध्ये तगत नाहीत. वर थोडी मेलेली कातडीही सुटी करतं. मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे जंतूंना याची सवय होत नाही. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्महिने लावलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून डॉक्टर ते देताना सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. याचं जेलही मिळतं, पण एवढ्या मोठ्या पाठीला जेल लावून वर शर्ट घालायचा म्हणजे शर्ट गेलाच, का ते पुढे सांगतो. म्हणून पाठीला वॉश.

आणि इथेच सगळे चुकतात, मी पण पहिला आठवडा चुकलो. साबणासारखा लावला आणि लगेच पाणी ओतलं तर काहीही उपयोग नाही. त्याला काम करायला कातडीवर थोडा वेळ राहू द्यावं लागतं. मॅडमनी सांगितलं पहिला आठवडा १ मिनिट, मग २, मग ३, जास्तीत जास्त ५. आता आपल्याकडे बादलीने आंघोळ, सकाळी पाणी यायची वेळ ठरलेली, बाहेर दुसरा माणूस दार वाजवतोय, तिथे ३ मिनिटं नुसतं उभं राहणं म्हणजे किती लांब वाटतं. मी मग क्रम बदलला. आधी डोकं धुवायचं, शाम्पू कंडिशनर सगळं निघून जाऊ द्यायचं, कारण कंडिशनर पाठीवरूनच खाली येतो आणि त्याचा थर पाठीवर राहिला की छिद्रं बुजतात. मग पाठ ओली असतानाच वॉश लावायचा. मग दात घासायचे. दात घासून झाले की ३ मिनिटं होतात. मग पाठीवर चारपाच तांबे पाणी, नुसतं वरवर नाही, खळखळून.

पाठीच्या मध्यभागी हात पोहोचत नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. खांद्यावरून एक हात, कमरेकडून दुसरा हात, तरी मध्ये एक वीतभर पट्टा उरतो. ब्रश नको, घासलं जातं. मी लांब दांड्याला गुळगुळीत पॅड असलेलं लोशन लावायचं साधन ऑनलाइन मागवलं, पॅडवर वॉश घ्यायचा आणि नुसता फिरवायचा, चोळायचं नाही. लग्न झालेल्यांना किंवा घरात भाऊ असेल तर ही अडचण नाही.

पहिले दोन-तीन आठवडे काय होतं ते माहिती असू द्या नाहीतर तुम्ही सोडून द्याल. थोडं चुरचुरतं, कातडी कोरडी पडते, खांद्यावर पापुद्रे निघतात. मी घाबरून मॅडमना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या एक दिवसाआड कर आणि आंघोळीनंतर साधं, वास नसलेलं, तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर लाव. पिंपल्सवर मॉइश्चरायझर कसं लावायचं असं वाटत होतं, पण ते लावल्यावरच चुरचुर थांबली आणि मग रोज वापरता आला. खूप सुजून लाल झालं, पुरळ उठलं, डोळे ओठ सुजले तर मात्र बंद करून डॉक्टरांकडे जायचं, काही जणांना याची ॲलर्जी असते.

फरक? चौथ्या आठवड्यापर्यंत मला काही दिसला नाही, खरं सांगतो. सहाव्या आठवड्यात लक्षात आलं की खुर्चीला पाठ टेकवताना दुखत नाहीये. आठव्या आठवड्यात नवीन पुळ्या येणं खूप कमी झालं, आठवड्याला दहाबारा यायच्या त्या दोन-तीनवर आल्या. बारा आठवड्यांनी म्हणजे जूनच्या शेवटी बनियन स्वच्छ. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की ८ ते १२ आठवड्यांच्या आत निकाल लावू नकोस, कारण जी पुळी आज वर दिसते ती आत कधीच तयार झालेली असते, आणि हे वाक्य मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं म्हणून टिकलो. खांद्यावर जिथे पांढरे काळे दाणे जास्त होते तिथे रात्री ॲडापलीन जेलही (बुजलेली छिद्रं मोकळी करणारं औषध) त्यांनी दिलं, अगदी मटारच्या दाण्याएवढं, एक दिवसाआड. त्यामुळे सगळं श्रेय वॉशलाच देणं बरोबर नाही. पण छातीला नुसता वॉशच होता आणि छाती पूर्ण स्वच्छ झाली. ॲडापलीन गरोदर बायकांनी किंवा दिवस राहण्याचा विचार असेल त्यांनी लावायचं नाही, हे त्यांनी समोर बसलेल्या माझ्या ताईलाही आवर्जून सांगितलं.

आता कपडे. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंग खातं. डाग पडत नाही, रंगच उडतो, आणि धुतल्यावर परत येत नाही. आमच्याकडचा मरून टॉवेल पहिल्याच आठवड्यात ठिकठिकाणी नारिंगी झाला, माझ्या निळ्या टीशर्टची मान गेली, एक उशीचा अभ्रा गेला. ट्यूबवर हे बारीक अक्षरात असतं, दुकानात कोणी सांगत नाही. उपाय एकच, पांढरा पंचा. पांढरा सुती पंचा मस्त, पाणी टिपतो, घासत नाही, लवकर वाळतो. आणि पाणी नीट ओतलंत तर टीशर्ट वाचतात, मे महिन्यानंतर माझा एकही कपडा गेला नाही.

दुसरी गोष्ट बेन्झीनची. मार्च २०२५ मध्येच अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, बातमी आली आणि ताईने लिंक पाठवून विचारलं की अरे हेच का तू लावतोयस. हे औषध उष्णतेत राहिलं तर त्यातून थोडं बेन्झीन तयार होऊ शकतं आणि बेन्झीन कॅन्सरकारक आहे, म्हणून त्यांनी ९५ प्रॉडक्ट्स तपासली. ९० टक्क्यांहून जास्त प्रॉडक्ट्समध्ये ते सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं, मोजकी काही कंपन्यांनी परत मागवली. मी डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या वापर, पण ट्यूब गरम जागी ठेवू नकोस आणि एक्सपायरीनंतर वापरू नकोस. आपल्या उन्हाळ्यात हे मनावर घ्यायला हवं. गीझरच्या शेजारच्या फळीवर नाही, गाडीच्या डिक्कीत नाही, खिडकीत उन्हात तर नाहीच. माझी ट्यूब आतल्या खोलीत कपाटात असते, आंघोळीला जाताना घेऊन जातो. आणि दुकानात घेताना ताजी तारीख बघून घेतो.

सवयींबद्दल. वॉशइतकाच फरक मला सॅकने पडला असं वाटतं. डोंबिवलीहून घाटकोपर, पाऊण तास उभ्याने, लोकलमध्ये सॅक पुढे छातीवर, आणि उतरल्यावर स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पाठीवर, आत लॅपटॉप, खाली घामाने चिकटलेला शर्ट. छातीवर आणि खांद्यांवर पुळ्या बरोबर पट्ट्यांच्या रेषेत होत्या, मॅडमनी आरशात दाखवलं तेव्हा मला दिसलं! दाब, घर्षण आणि घाम एकत्र आले की असं होतं, हेल्मेटच्या पट्ट्याखाली, क्रिकेटच्या पॅडखाली, ब्राच्या पट्टीखाली पण होतं. मी लॅपटॉप शक्य असेल तेव्हा ऑफिसलाच ठेवायला लागलो आणि उरलेलं सामान हातातल्या पिशवीत. ऑफिसला पोहोचल्यावर बनियन बदलतो, डब्याच्या पिशवीत एक जास्तीचा असतोच. लाज वाटायची सुरुवातीला, आता नाही वाटत.

रविवारी खोबरेल तेलाची चंपी आईच्या हातची, ती मी सोडणार नव्हतो. पण रात्रभर तेल ठेवून झोपायचो आणि ते मानेवरून पाठीवर, उशीवर. आता तासाभरात डोकं धुतो आणि नंतर पाठीला वॉश. चालतंय. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा दमट बनियन घालायचा नाही, इस्त्री फिरवायची. चादर, अभ्रा आठवड्याला बदलायचा. जिमचं व्हे प्रोटीन मी दोन महिने बंद करून पाहिलं, काही लोकांमध्ये त्याचा पुळ्यांशी संबंध दिसतो असं डॉक्टर म्हणाल्या, माझ्यात त्याने किती फरक पडला ते वॉशपासून वेगळं काढता येत नाही. आणि फोडायचं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं.

हा वॉश कोणासाठी नाही, तेही लिहितो, कारण माझ्या मामेबहिणीने माझं ऐकून तोच आणला आणि तिला काडीचा उपयोग झाला नाही. तिच्या पाठीवरचे दाणे सगळे एकाच आकाराचे, बारीक, आणि प्रचंड खाज, घाम आला की जास्त. ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा कळलं की ते ॲक्ने नाहीच, केसाच्या मुळाशी वाढणारी मॅलासेझिया नावाची फंगस आहे. तिला कीटोकोनाझोलचा, म्हणजे फंगसच्या औषधाचा, शाम्पू पाठीला लावून ५ मिनिटं ठेवून धुवायला दिला आणि तीन आठवड्यांत पाठ उतरली. याआधी तिने अँटिबायोटिक गोळ्यांचा कोर्स केला होता आणि त्याने अजून वाढलं होतं, कारण जंतू मेले की फंगसला मोकळं रान. शिवाय ही फंगस तेलातल्या चरबीवरच जगते, त्यामुळे पाठीला खोबरेल चोळणं तिच्यासाठी अगदीच उलटं होतं. म्हणजे खाज असेल आणि दाणे एकसारखे असतील तर आधी दाखवून घ्या.

तसंच ज्यांना आत खोल, मोठ्या दुखऱ्या गाठी येतात, खड्डे किंवा उंच वण पडतायत, त्यांनी वॉशवर महिने घालवू नका. त्याला गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच. आयसोट्रेटिनॉइन ही त्यातली जोरदार गोळी तर स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका, रक्त तपासावं लागतं आणि गरोदरपणात त्याने बाळाला गंभीर व्यंग येतं. मुलींना पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील आणि सोबत पाठीवर पिंपल्स, तर पीसीओएसची (हार्मोन्स बिघडण्याचा बायकांमधला त्रास) तपासणी करून घ्या, ताईच्या मैत्रिणीचं तसंच निघालं.

सॅलिसिलिक ॲसिडच्या बॉडी वॉशबद्दल ताईच्या ऑफिसमधल्या सगळ्या विचारतात. ते मी डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन महिने वापरलं होतं, १ टक्क्याचं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत पोहोचतं आणि बुजलेलं तोंड मोकळं करतं. माझे काळे दाणे त्याने खरंच कमी झाले होते, पण लाल, पू भरलेल्या पुळ्यांवर परिणाम नाही. ज्यांना नुसते खरखरीत दाणे आहेत, लाली फार नाही, त्यांनी आधी तेच वापरून बघावं, चुरचुर कमी आणि टॉवेलचा रंगही जात नाही. दोन्ही एकदम सुरू करू नका, पाठ सोलून निघेल. जे घ्याल ते कातडीवर ठेवायचं, हा नियम त्यालाही लागू.

खर्चाचं म्हणाल तर माझी ट्यूब पाठ आणि छाती दोन्हीला रोज वापरून महिनाभर जाते, साडेतीनशेच्या आसपास पडते. कमी नाही. पण त्याआधी दोन वर्षांत ब्रश, स्क्रब, चारकोलचे साबण, कडुनिंबाचे साबण यावर मी याच्या कितीतरी पट उडवले होते. साबणाच्या वडीवर 'अँटी ॲक्ने' लिहिलेलं असतं पण आत औषध किती टक्के ते लिहिलेलंच नसतं, ते बघायला मला आता कळतं.

रेटिंग द्यायचं तर परिणामाला ५ पैकी ४.५, वापरायला सोपं आहे का याला ३, कपड्यांच्या बाबतीत २. वास औषधी आहे, वाईट नाही. फेस फार येत नाही, त्यामुळे लागलाय की नाही कळत नाही, थोडा जास्त घेतला जातो.

काळे डाग अजून आहेत, फिके होतायत, मॅडम म्हणाल्या सहा महिने ते वर्ष धर. ऑगस्टमध्ये त्यांनी वॉश आठवड्यातून तीनदा केला, पूर्ण बंद करू नको म्हणाल्या, कारण थांबवलं की परत येतात. २७ ऑगस्टला गणपती बसले. पूजेला बसलो तेव्हा उपरणं नेहमीसारखं खांद्यावर टाकलं होतं, मध्येच कधीतरी ते सरकून मांडीवर आलं, आणि ते माझ्या लक्षात आरतीला उठताना आलं.

कोणाला छातीवर किंवा दंडावर वापरायचा असेल तर वापरा, फक्त मानेच्या पुढच्या बाजूला कातडी पातळ असते, तिथे १ मिनिटाच्या वर ठेवू नका. दाढी केलेल्या दिवशी तिथे लावूच नका. आणि टॉवेल पांढराच.